हाताने घडवलेली चहाची भांडी: जमवणं, वापरणं, वाटून घेणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चहाचे कप आणि टीपॉट जमवणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न पुन्हा येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे येतात. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मला अशी भांडी जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

एका कपापासून. सेट घेऊ नका आणि टीपॉटच्या वाटेला तर इतक्यात जाऊच नका. हातात घेतल्यावर खाली ठेवावासा वाटत नाही असा एक कप शोधा आणि महिनाभर रोज त्यातूनच चहा प्या. कड जाड लागते का, कान बोटाला टोचतो का, चहा फार लवकर निवतो का, हे सगळं महिन्याभरात आपोआप कळतं. दुसरा कप त्या अनुभवावरून निवडायचा. मी पहिले दहा कप फोटोतल्या रंगाला भुलून घेतले होते. त्यातले तीन आज वापरात आहेत.

२. अर्दनवेअर, स्टोनवेअर, पोर्सेलिन हे शब्द सारखे कानावर पडतात. फरक काय?

माती कोणती आणि ती किती तापवली, एवढ्यावर सगळं ठरतं. अर्दनवेअर साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात. माती सच्छिद्र राहते, ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) नसेल तर पाणी शोषते. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांना भाजलं जातं. त्या तापमानाला माती आतून वितळून घट्ट होते, म्हणून ते जड, टणक आणि रोजच्या वापराला सगळ्यात सोशिक. पोर्सेलिन पांढऱ्या केओलिन मातीचं. ते १२६० ते १४०० अंशांना भाजतात आणि ते जवळपास पाणी शोषतच नाही. पातळ असेल तर उजेडाला धरल्यावर पलीकडची बोटं दिसतात. ‘केओलिन’ हे नावसुद्धा चीनमधल्या जिंगडेझेन या पोर्सेलिनच्या गावाजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून आलंय.

चहापुरतं सांगायचं तर पोर्सेलिन चव जशीच्या तशी देतं. नवीन चहा पारखायचा असेल तर मी पातळ पांढरा कपच घेते. जाड स्टोनवेअरमध्ये चहा जास्त वेळ गरम राहतो. सच्छिद्र मातीचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न ७ आणि ९ मध्ये पाहा.

३. भांडं खरंच हाताने घडवलंय की साच्यातून काढलंय, हे कसं ओळखू?

आधी उलटं करा. बुडावर कारागिराचे हात सगळ्यात स्पष्ट दिसतात. चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या शिंपल्यासारख्या रेघा, बूड कोरताना हत्याराने सोडलेल्या गोल खुणा, ग्लेझ भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून पुसून काढलेली कड, हे सगळं तिथे असतं. मग आत बोट फिरवा. चाकावर ओढलेल्या कपात बोटांच्या मंद वळ्या लागतात. द्रवरूप माती साच्यात ओतून केलेल्या भांड्यात बाहेरचा उठाव आत खळग्यासारखा उमटलेला असतो, आणि कानाच्या मधोमध सांध्याची बारीक रेघ बऱ्याचदा सापडते.

एक गैरसमज मात्र सोडून द्या. हाताने घडवलेलं म्हणजे चाकावरचंच, असं नाही. जपानमधल्या राकू परंपरेतले चहाचे वाडगे चाकाशिवाय, नुसत्या हाताने आकार देऊन आणि कोरून करतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूंसाठी चोजिरो या कारागिराने ते घडवले, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. चीनमधल्या यिशिंगचे पारंपरिक टीपॉटही मातीच्या थापलेल्या पट्ट्या जोडून, लाकडी थापीने ठोकत उभे करतात. तिथे बोटांच्या वळ्या शोधून सापडणार नाहीत.

४. कप हातात घेतल्यावर तुम्ही नक्की काय बघता?

पहिलं म्हणजे वजन, आणि तेही नजरेने केलेल्या अंदाजाशी ताडून. बघताना जेवढा जड वाटला त्याहून हातात फारच जड लागला, तर बहुधा बुडाशी माती जास्त राहिलीय. मग कड. डोळे मिटून खालच्या ओठाला लावा. कड आतून किंचित उतरती असेल तर चहा सरळ जिभेवर येतो. गोल, जाड कडेवरून तो पसरत येतो आणि थेंब बाहेर ओघळतो.

कानात बोट घालून कप रिकामा नाही, पाणी भरून उचला. रिकामा कप कुठलाही कान पेलतो. भरल्यावर मधलं बोट कपाच्या अंगाला टेकून भाजत असेल तर रोज भाजणार. बिनकानाचा कप असेल तर कडेखाली दोन बोटं कुठे विसावतात ते बघा.

शेवटी टिचकी. कप तळहातावर मोकळा ठेवून कडेवर नखाने हलकेच टिचकी मारायची. पोर्सेलिन आणि घट्ट भाजलेलं स्टोनवेअर खणखणीत वाजतं. बद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारा तडा असू शकतो. सच्छिद्र माती मुळातच बद्द वाजते, त्यामुळे तिला ही परीक्षा लावू नका.

माझ्या रोजच्या कपाला उजव्या बाजूला एक उथळ खळगा आहे. ओली माती चाकावरून उचलताना कारागिराचा अंगठा तिथे दाबला गेला असणार. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो, आणि अंधारातही कप कुठल्या बाजूने धरायचा ते हाताला कळतं.

५. आणि टीपॉट घेताना?

टीपॉट पाण्याशिवाय घेऊ नये. समोर असेल तर पाणी मागा, लांबून घेत असाल तर ओततानाचा व्हिडिओ मागा. तोटीचं तोंड टीपॉटच्या काठाच्या खाली असेल तर भांडं पूर्ण भरताच येणार नाही, कारण तोटीतून आधीच वाहायला लागेल. धार एकसंध पडते का, ओतणं थांबवल्यावर थेंब तोटीखालून पोटाकडे ओघळतो का, हे बघा. झाकणावरचं भोक बोटाने दाबलं की धार थांबली पाहिजे, म्हणजे झाकण नीट बसतंय. पूर्ण उपडा होईपर्यंत वाकवल्यावर झाकण सुटतं का, तेही तपासा.

झाकण नीट बसणं ही कारागिराची खरी कसोटी असते, कारण ओल्या मातीपासून भाजून निघेपर्यंत भांडं साधारण १० ते १५ टक्के आक्रसतं. झाकण आणि अंग सारखंच आक्रसावं म्हणून अनेक कारागीर दोन्ही एकाच मातीचे, एकाच वेळी करतात आणि झाकण लावूनच भाजतात. जपानमधल्या तोकोनामेत भाजून झाल्यावर झाकण आणि काठ एकमेकांवर घासून जुळवण्याची पद्धत आहे.

६. यिशिंगचा टीपॉट खरा की नकली, फोटोवरून सांगाल का?

नाही सांगणार. फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

यिशिंग हे चीनच्या जियांगसू प्रांतातलं गाव. तिथल्या झिशा मातीचे, ग्लेझ न लावलेले टीपॉट मिंग राजवटीच्या काळापासून बनताहेत. सतराव्या शतकात ते चहाबरोबर युरोपात पोहोचले. जर्मनीत बोटगर याने लाल स्टोनवेअर केलं ते यांच्याच धर्तीवर, आणि १७१० मध्ये माइसनचा पोर्सेलिन कारखाना सुरू झाला तेव्हा हे लाल स्टोनवेअर तिथल्या पहिल्या मालात होतं. नक्कल करण्याचा इतिहास इतका जुना आहे!

शिक्का पुरावा ठरत नाही, तो कोणीही कोरून घेऊ शकतो. सोबतचं प्रमाणपत्रही तसंच. ‘पूर्ण हाताचा’ आणि ‘अर्धा हाताचा’ यांत मोठा फरक आहे. अर्ध्या हाताच्या कामात अंग साच्यात दाबून घेतात आणि तोटी, कान, झाकण हाताने जोडतात. त्यात वाईट काही नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगितलं पाहिजे. सावध कधी व्हायचं तर रंग भडक, एकसारखा आणि प्लास्टिकसारखा दिसतोय, आत गरम पाणी ओतल्यावर बुटाच्या पॉलिशसारखा किंवा रसायनाचा वास येतोय, ‘जुनेपणा’ नुसता बाहेरून चोपडलेला आहे आणि तोटीच्या आतली माती कोरीच आहे, अशा वेळी. असा टीपॉट परत करा.

माझं मत विचाराल तर पहिला मातीचा टीपॉट हयात कारागिराकडून, त्याचं नाव माहीत असताना घ्यावा. तो जुना नसेल, पण त्याच्याबद्दलचं सगळं खरं असेल.

७. एका मातीच्या टीपॉटमध्ये एकच चहा करायचा, हे खरंच पाळायला हवं का?

ग्लेझ असेल तर नाही. धुतलं की संपलं. ग्लेझ नसलेल्या सच्छिद्र टीपॉटला मात्र वास धरतो, हे नाक सांगतं. धुरकट वासाचा चहा वर्षभर केलेल्या टीपॉटमध्ये नुसतं गरम पाणी ओता, धुराचा वास वर येतो. अशात नाजूक हिरवा चहा केला तर बिचारा कुठल्या कुठे हरवतो. इतकं काटेकोर राहायची गरज नाही की प्रत्येक चहाला वेगळा टीपॉट हवा. सुगंधी आणि धुरकट चहा एकीकडे, हलके चहा दुसरीकडे, एवढी विभागणी पुरते. दूध घातलेला चहा सच्छिद्र टीपॉटमध्ये करू नका, दूध छिद्रांत बसून आंबतं. ‘टीपॉट इतका मुरलाय की पत्तीशिवाय चहा होतो’ ही गोष्ट सोडून द्या. तसा वास येत असेल तर तो टीपॉट धुवायला आलाय.

८. नवीन भांडं आणलं की लगेच वापरू का?

ग्लेझ असलेलं भांडं धुवा आणि वापरा. ग्लेझ नसलेल्या टीपॉटमधली मातीची धूळ ब्रशने काढून दोन-तीनदा गरम पाण्याने खंगाळा. तासन्‌तास उकळण्याची गरज मला कधी भासली नाही, आणि उकळताना भांड्यात आपटून तोटीचा टवका उडालेले टीपॉट मी पाहिलेत.

जपानमधल्या हागी गावच्या कपांसारख्या मऊ, सच्छिद्र कपांचं वेगळं आहे. ते सुरुवातीला पाझरतात. जपानमध्ये त्यावर तांदळाच्या पाण्याचा उपाय करतात. तांदळाचं पांढरं पाणी किंवा पातळ पेज पातेल्यात घ्या, कप गार असतानाच त्यात बुडवा, मंद आचेवर गरम करा आणि तसाच पूर्ण निवू द्या. पिष्ट बारीक छिद्रांत बसतं. मग धुऊन दोन दिवस वाळवा. पुढेही प्रत्येक वेळी चहा ओतण्याआधी असा कप मिनिटभर साध्या पाण्यात भिजवला, तर तो पाणी पिऊन घेतो आणि चहाचे डाग कमी धरतो.

९. माझ्या कपाच्या ग्लेझवर बारीक रेघांचं जाळं पडलंय. फुटणार का?

बहुतेक वेळा नाही. भट्टीतून निघून निवताना ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसली की ती ताणली जाते आणि तिला बारीक भेगा पडतात. कधी भट्टीतून बाहेर येताच, कधी काही महिन्यांनी. ताजा कप कपाटात ठेवल्यावर मंद ‘टिंग’ असा आवाज येतो तो याचाच. तडा वेगळा. तो मातीतून आरपार जातो आणि नखाला आत-बाहेर दोन्हीकडे जाणवतो.

जाळं हा दोष की सौंदर्य, हे भांड्यावर अवलंबून आहे. हागीच्या कपांत तेच हवं असतं. चहा त्या रेघांतून आत झिरपतो आणि कपाचा रंग वर्षानुवर्षं पालटत जातो. याला जपानीत ‘हागीची सात रूपं’ म्हणतात. माझा एक हागी कप आणला तेव्हा फिकट पीचच्या रंगाचा होता. आता आतल्या बाजूला मधासारख्या तपकिरी रेघा आल्यात, आणि ओठ लागतो त्या बाजूला त्या जास्त दाट आहेत. दाट पोर्सेलिनच्या किंवा स्टोनवेअरच्या कपाला कारागिराच्या मनात नसताना असं जाळं पडलं, तर तो दोषच. स्टोनवेअर घट्ट भाजलेलं असेल तर वापरायला हरकत नाही. खालून पाझरत असेल तर रोजच्या वापरातून काढा.

जाळं असलेला कप ओला बंद कपाटात ठेवू नका. दोन दिवस उघड्यावर, बुडालाही हवा लागेल असा वाळवा. बूड सगळ्यात सच्छिद्र असतं, तिथेच बुरशी धरते.

१०. ग्लेझमध्ये शिसं असतं म्हणतात. माझे कप सुरक्षित आहेत का?

हा प्रश्न गंभीर आहे आणि ‘हाताने केलंय म्हणजे नैसर्गिक’ हे त्याचं उत्तर नव्हे. ग्लेझ ही काच असते. ती कमी तापमानाला वितळावी म्हणून पूर्वी सर्रास शिसं घालत. स्टोनवेअर आणि पोर्सेलिनच्या तापमानाला शिशाची गरजच पडत नाही, त्यामुळे आजच्या कारागिराने १२०० अंशांच्या वर भाजलेल्या कपात हा धोका फार कमी. काळजी करायची ती कमी तापमानाच्या चकचकीत अर्दनवेअरची, जुन्या रंगीत कपांची आणि ग्लेझच्या वरून केलेल्या भडक रंगकामाची. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियमही असू शकतं.

पुसून रंग बदलणाऱ्या घरगुती चाचण्यांवर भिस्त ठेवू नका. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास भरून ठेवतात आणि त्यात किती शिसं, कॅडमियम उतरलं ते मोजतात. मुद्दा ग्लेझमध्ये काय आहे याचा नसून तुमच्या चहात काय उतरतं याचा आहे. लिंबाचा चहा जास्त आम्लाचा, म्हणून शंकास्पद कपात तो तर मुळीच नको.

ग्लेझ कच्ची आहे का हे बघायला कारागीर एक सोपी गोष्ट करतात: लिंबाची फोड कपात रात्रभर ठेवतात. सकाळी तिथला रंग फिका किंवा चमक मंद झाली तर ती ग्लेझ टिकाऊ नाही. मात्र डाग पडला नाही म्हणजे शिसं नाही, असं यातून सिद्ध होत नाही. कारागिराला सरळ विचारा: भट्टी किती अंशांना, आतली ग्लेझ कोणती, चाचणी केलीय का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

११. आत बसलेले चहाचे तपकिरी डाग कसे काढू?

ग्लेझ असेल तर खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळा. तेवढ्याने न गेल्यास ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात घालून तासभर भरून ठेवा आणि भरपूर धुवा. क्लोरीनचं ब्लीच रेघांचं जाळं असलेल्या किंवा सच्छिद्र भांड्याला कधीच लावू नका, आत शिरलेलं बाहेर निघत नाही. सोनेरी कड असेल तर घासूच नका. ग्लेझ नसलेल्या टीपॉटला साबणही नको, फक्त गरम पाणी, आणि झाकण काढून पूर्ण वाळवणं.

१२. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर चालतं का?

घट्ट भाजलेल्या, सोनं-चांदी नसलेल्या स्टोनवेअर आणि पोर्सेलिनला बहुधा चालतं. सच्छिद्र कप मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच तापतो आणि हात भाजतो. किंत्सुगी (फुटलेलं भांडं सोनेरी रेघांनी जोडण्याची जपानी पद्धत) केलेलं, सोनेरी कडेचं, जाळं पडलेलं काहीही दोन्हींपासून लांब ठेवा. मी सगळंच हाताने धुते, कारण धुतानाच टवका उडालाय हे बोटाला कळतं.

१३. गरम पाणी ओतलं आणि कप तडकला. माझं चुकलं का?

कप गारठलेला होता का? असेल तर थोडंसं. एक बाजू एकदम प्रसरण पावते, दुसरी गार राहते आणि माती तो ताण सोसत नाही. आधी कोमट पाण्याने खंगाळलं की हे टळतं. साध्या तापमानाचा कप उकळत्या पाण्याने तडकला असेल, तर दोष कपाचा. कारागिराला फोटोसह कळवा. तक्रार म्हणून नको वाटत असेल तर माहिती म्हणून कळवा, त्याच भट्टीतले बाकीचे कपही तसेच असू शकतात.

१४. टवका उडालाय किंवा बारीक तडा गेलाय. वापरू की नको?

बुडाच्या कडेला टवका असेल तर खुशाल वापरा, टेबलावर ओरखडे उठू नयेत म्हणून बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवा. ओठाच्या कडेवर टवका असेल तर वापर थांबवा, कापतं. टीपॉटला किंवा कानाच्या सांध्यावर तडा असेल तर गरम चहासाठी अजिबात नको. कान सुटला तर कप अंगावर पडतो.

तडा गेलेलं भांडं टाकून द्यावं असं मात्र नाही. टोकियो नॅशनल म्युझियममध्ये चीनमधल्या लाँगछुआनचा एक निळसर हिरवा वाडगा आहे. कथा अशी की तो तडकला म्हणून तसाच दुसरा मागवायला तो चीनला पाठवला. तोवर तिथे तसं काम होईनासं झालं होतं, म्हणून धातूच्या टाच्यांनी जोडून तोच परत आला. टोळासारखे दिसणारे ते टाचे हीच त्याची ओळख झाली, नावही त्यावरूनच पडलं: बाकोहान.

१५. घरी किंत्सुगी करता येईल का? बाजारात संच मिळतात.

आधी संचात काय आहे ते वाचा. खरी किंत्सुगी उरुशी या झाडाच्या चिकापासून करतात. पिठात मिसळलेल्या उरुशीने तुकडे चिकटवायचे, खड्डे भरायचे, घासायचे, वरून उरुशीचे थर द्यायचे आणि शेवटच्या थरावर सोन्याची पूड भुरभुरवायची. उरुशी हवेत नुसती ‘वाळत’ नाही. ती पक्की व्हायला ७० ते ८५ टक्के दमटपणा आणि २० ते ३० अंश तापमान लागतं, म्हणून भांडं ओलं फडकं ठेवलेल्या बंद खोक्यात ठेवतात. एका कपाला आठवडे, कधी महिने लागतात. कच्च्या उरुशीने अंगावर पुरळ उठतं. आपल्याकडे बिब्बा उततो, त्याच जातकुळीचं हे आहे. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

झटपट संचांत बहुधा इपॉक्सी आणि सोनेरी रंगाची पूड असते. शोभेच्या भांड्याला ते ठीक आहे. गरम चहाच्या भांड्याला, खास करून आतल्या बाजूने आणि ओठाच्या कडेला, मी ते वापरणार नाही. आणि मुद्दाम फोडून किंत्सुगी करण्याचा प्रश्नही येतो. कृपा करून नको. कोणीतरी ते भांडं घडवलेलं असतं.

१६. चांगले कप पाहुण्यांना देऊ का? भीती वाटते.

द्या. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि माझं उत्तर बदललेलं नाही. चहाचं भांडं कसं आहे हे ते एकट्याने जपून कळत नाही. कोणी ते डाव्या हाताने उचलतं, कोणी दोन्ही तळव्यांत धरून ऊब घेतं, कोणी सहज म्हणतं ‘याची कड किती छान लागते’, आणि मालकाला त्या कपाबद्दल काहीतरी नवं कळतं.

फुटेल का? एखादा फुटेल. एका मैत्रिणीच्या हातून माझ्या आवडत्या टीपॉटचं झाकण फरशीवर पडलं, दोन तुकडे आणि बारीक चुरा. ती रडकुंडीला आली होती. मी तिच्यासमोरच तो टीपॉट विसळला आणि दुसरा चहा त्यातूनच ओतला. आता तो टीपॉट मी चहा गाळून सगळ्यांच्या कपांत सारखा वाटायला वापरते, त्याला झाकण लागतच नाही. परत त्याच मापाचं झाकण करून मिळेल का, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न ५ मधलं आक्रसण्याचं गणित पाहिलंत तर कळेल की तंतोतंत बसणं अवघड असतं. पण मूळ कारागीर असेल तर विचारायला हरकत नाही, तो थोड्या मोठ्या-लहान मापाची तीन-चार झाकणं करून बघू शकतो.

मी एकच पथ्य पाळते. कप निवडायचं पाहुण्यावर सोडते. सात-आठ वेगवेगळे कप मांडून ठेवायचे. माणूस स्वतः निवडलेला कप जास्त जपतो.

१७. कप आपसांत फिरवायचे असतील तर कसं ठरवावं?

आम्ही पाच जणी एकमेकींना कप महिनाभरासाठी देतो. त्यातून शिकलेलं असं: देताना चारी बाजूंनी, आतून आणि बुडाचा फोटो काढायचा, आधीच असलेले टवके सांगायचे. त्यात कुठला चहा करायचा नाही तेही सांगायचं, विशेषतः सच्छिद्र असेल तर. फुटला तर काय, हे आधीच बोलून घ्यायचं. आमच्यात भरपाई नाही, फक्त तुकडे परत द्यायचे. ज्या कपाचं हे सोसवणार नाही तो कप फिरवायचाच नाही. परत करताना सोबत चिठ्ठी: यात काय प्यायले, कसा वाटला. माझ्या एका कपासोबत आता अकरा चिठ्ठ्या आहेत.

१८. पार्सलने पाठवायचं तर पॅकिंग कसं करू?

झाकण नेहमी वेगळं गुंडाळा. टीपॉटवर झाकण ठेवून चिकटपट्टी मारली की वाटेत दोन्ही एकमेकांवर आपटतात. कपाच्या पोटात मऊ कागद भरा, कानाच्या पोकळीतही भरा, मग बाहेरून बबलचे दोन-तीन वेढे. तोटी आणि कान यांना पुठ्ठ्याची वेगळी गादी. छापील वर्तमानपत्र ग्लेझ नसलेल्या मातीला थेट लावू नका, शाई उतरते. चिकटपट्टी भांड्याला कधीच नको.

मग खोक्यात खोकं. दोन्हींच्या मध्ये सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर भरण. बंद करून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि परत भरा. ‘नाजूक’ असं लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कमरेइतक्या उंचीवरून पडलं तरी टिकेल असं बांधायचं. पोहोचल्यावर उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा.

१९. दुसऱ्यांना दाखवायला फोटो कसे काढू, माहिती काय द्यावी?

खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश नाही, मागे साधा करडा कागद. एक फोटो हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. एक बुडाचा. शिक्क्यावर उजेड तिरका पाडा, अक्षरं उठून दिसतात. किती मावतं ते सांगा: रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा आणि नेहमी भरता तेवढं पाणी ओता, १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. आणि कारागिराचं नाव. ते माहीत असूनही न लिहिणं मला फार खटकतं.

२०. बुडाचा शिक्का वाचता येत नाही, किंवा शिक्काच नाही. मग भांडं कमी दर्जाचं?

अजिबात नाही. शोजी हामादा या थोर जपानी कारागिराने १९२० मध्ये बर्नार्ड लीच या इंग्लिश कारागिराबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्‌जला भट्टी उभारली. मायदेशी परतल्यावर तो भांड्यांवर शिक्का मारत नसे, सही असे ती लाकडी खोक्यावर. म्हणून जपानी भांड्याचं मूळ खोकं, त्याची दोरी, आतलं फडकं काहीही टाकू नका. खोकं दुसऱ्याच भांड्याला लावलं गेलं तर दोन्हींची ओळख जाते.

उलट बाजूने, चिनी पोर्सेलिनवर राजाच्या कारकिर्दीचं चिन्ह असलं तरी भांडं त्या काळचं असेलच असं नाही. कांगशी काळातल्या (१६६२ ते १७२२) कारागिरांनी दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा काळाची चिन्हं सर्रास घातली. त्यात बऱ्याचदा आदर होता, फसवणूक नव्हती. जे नक्की माहीत नाही ते लिहिताना ‘माहीत नाही’ असंच लिहा.

२१. एका कारागिराचा कप फार आवडला, पण तो मिळत नाही. दुसऱ्याकडून तसाच करून घेऊ का?

फोटो दाखवून ‘हुबेहूब असाच’ मागू नका. काय आवडलं ते सांगा: पातळ कड, खालून रुंद बूड, धुरकट पांढरा रंग, दोनशे मिलिलिटर. त्यातून तो कारागीर स्वतःचं काहीतरी करेल. भट्टीतून निघणारा रंग शेवटी पूर्णपणे त्याच्याही हातात नसतो, म्हणून रंगाबाबत थोडी सूट आधीच द्या. किंचित दोष असलेली भांडी कारागीर वेगळी काढतात, तीही विचारा. मात्र ती ‘दोषी’ म्हणूनच पुढे द्या, चांगली म्हणून नाही.

२२. घरातला जुना कपसेट माझ्याकडे आलाय. वापरायची इच्छा आहे, पण रंगकाम जुनं आहे. शिवाय भावंडांनाही तो हवाय.

आधी सुरक्षिततेचं. सोनेरी आणि रंगीत काम नुसतं बाहेर असेल आणि ओठाच्या कडेपर्यंत पोहोचत नसेल तर धोका कमी. आत रंग असेल, झिजला असेल, हाताला पूड लागत असेल तर चाचणी होईपर्यंत त्यातून पिऊ नका (प्रश्न १०). सेटमधला एक कप चाचणीला दिला तरी त्याच रंगकामाच्या बाकीच्यांचा अंदाज येतो.

मग वाटणीचं. सेट अखंड राहावा म्हणून एकाच कपाटात बंद करण्यापेक्षा प्रत्येकाने एक कप आणि एक बशी घ्यावी, टीपॉट ज्याच्याकडे सगळे जमतात त्याच्याकडे ठेवावा. वाटण्याआधी पूर्ण सेटचा एकत्र फोटो काढा, मागे कोणाकडे काय गेलं ते लिहा आणि त्याची प्रत सगळ्यांना द्या. कोणता कप कोणाचा होता, कोणाच्या हातून बशीचा टवका उडाला, हे आठवणारं माणूस अजून घरात असेल तर त्यांना विचारून तेही आत्ताच लिहून घ्या.